बाराचं मशीन, चौदाची फाइल

"इनव्हॅलिड म्हणतंय," नाना फोनवर म्हणाले. "काल पण हेच म्हणत होतं."

"नाना, इनव्हॅलिड कशी असेल? माझ्याकडं उघडलीय. समोर दिसतेय."

"तुझ्याकडं उघडणारच की. तुझं चौदा, माझं बारा."

जयमालानं कपाळाला हात लावला. पुण्यात ती ज्या इंजिनिअरकडं नोकरीला होती, तिथं नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची चौदावी आवृत्ती येऊन सहा महिने झाले होते. नगरला, सावेडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, नानांकडं अजून बारावीच होती. बाराची फाइल चौदात निमूट उघडायची. चौदाची मात्र बारात उघडत नसे. ती आधी बाराच्या रूपात साठवून द्यावी लागे. एवढं करूनही अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची, मापं भलतीकडं उडायची, आणि ती जागेवर बसवता बसवता नानांची अख्खी दुपार जायची.

"माझं सगळं तुला उघडतं, तुझं मला उघडत नाही," नाना मागं एकदा म्हणाले होते. "बापलेकीचंच झालं हे." तेव्हा ती हसली होती. आता तीन आठवड्यांत चौथी फ्लॉपी झाली होती, आणि हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काम गावच्या बुद्धविहाराचं होतं. खाली विहार, वर पोरांसाठी अभ्यासिका. आराखडा नानांचा, खांब कुठं येणार, पाया किती खोल, हे जयमालानं काढायचं. सोमवारी गोरक्ष मिस्त्री जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आखणी करणार होता, आणि पायाचा नकाशा हातात नसेल तर तो फक्कीच्या पाटीला हात लावणार नव्हता. जयमाला फ्लॉपी वहीच्या पुठ्ठ्यात घालून नगरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायची, आणि नाना स्कूटरवर स्टँडला जाऊन ती आणायचे.

"मी बारात करूनच पाठवलीय," ती म्हणाली. "नीट बघा ना जरा."

पलीकडं फ्लॉपी काढून पुन्हा घातल्याचा खटका ऐकू आला.

"मग माझंच काहीतरी चुकत असेल. तू मागच्या खेपेला पेन्सिलीनं काढून ठेवलेला कागद आहे माझ्याकडं. त्यावरून हातानं काढून देऊ का गोरक्षला?"

"हातानं नको. वरचा मजला याच फाइलवर करायचाय. आणि त्या कागदानंतर दोन खांब हललेत."

"कुठले दोन?"

तिनं टेलिफोन नंबर सांगावा तसं भराभर सांगितलं. नानांनी प्रत्येक माप परत म्हणून दाखवलं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ट्रेसर होते ते. इंजिनिअरनं काढलेला नकाशा शाईनं उतरवायचा, चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं, पुन्हा काढायचं. निवृत्त झाल्यावर, साठीला टेकले असताना, माऊस हातात धरायला शिकले.

"जेवलीस का?"

"सर बोलावतायत. ठेवते."

जेवणाच्या सुट्टीत तिनं कॉम्प्युटरवर शोधलं. एकाच नावाच्या दोन फाइली होत्या, दोन वेगळ्या कप्प्यांत. बाराची जिथल्या तिथं होती. काल आणि परवा, दोन्ही वेळा तिनं चौदाचीच फ्लॉपीवर चढवली होती.

तिला आधी राग आला. सॉफ्टवेअरचा, सरांचा, नानांच्या त्या जुन्या डबड्याचा. मग तिनं बरोबर फाइल चढवली, रिक्षा करून स्टँडवर गेली, तीनच्या गाडीच्या कंडक्टरकडं पुठ्ठा दिला आणि तिथल्याच बूथवरून नगरला फोन लावला.

"दुसरी पाठवलीय. सव्वासहाला येईल गाडी. यावेळी नीट उघडा."

"उघडतो," नाना म्हणाले. "दमलीस का गं?"

मीटरवरचे आकडे पळत होते. "नाही," म्हणून तिनं फोन ठेवला.

सहाच्या सुमारास स्टँडवर जायला निघालेले नाना चप्पल घालताना उंबऱ्यातच बसले. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गोरक्ष मिस्त्री घरी आला तो नाना गेल्यावर सतराव्या दिवशी. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. आईनं, चांगुणाबाईंनी, चहा दिला तरी त्याला विषयाला हात घालवेना.

"ताई, असल्या वक्ताला इचारू नये," तो अखेर म्हणाला. "पन मानसं बोलाय लागलीत. म्हनत्यात, नानांनी म्हातारपनी मशीनचा नाद केला. हातानं काढलं असतं तर पाया जमिनीच्या वर आला असता."

"तुम्हाला पण तसंच वाटतं?"

"म्या कोन? पन नानाच म्हनले हुते की. त्या दिशी दुपारी फोन केल्ता म्या. म्हनले, गोरक्षा, पोरीनं कवाच काम दिलंय, माझाच हात बसंना या मशीनवर. तिला कुनी बोल लावू नका."

जयमाला उठली आणि तिनं नानांचं मशीन सुरू केलं. तिनं पाठवलेल्या शेवटच्या दोन फाइली होत्या. दोन्हींवर तेच उत्तर आलं, इनव्हॅलिड. खाली तिसरी होती. नाना गेले त्याच दिवशीची, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची.

ती उघडली.

एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. मापं जिथल्या तिथं. ती फाइल तिची नव्हतीच. तिच्या पेन्सिलीच्या कागदावरून नानांनी सगळा नकाशा पहिल्या रेघेपासून बारात काढला होता. हातानं नको म्हणाली होती, म्हणून मशीनवर. हललेले दोन खांब तिनं सांगितलं तिथं, इंचाचाही फरक नाही. मापांच्या टोकांना बाण नव्हते, पाटबंधाऱ्यातल्यासारख्या तिरक्या बारीक रेघा होत्या. कोपऱ्यात, नकाशा कुणाचा ते लिहायच्या चौकोनात, जयमाला श्रीमंत साळवे असं इंग्रजीत लिहिलेलं. त्याखाली जुन्या सवयीनं ट्रेसरचाही चौकोन आखला होता. तो मोकळा होता.

"आई, त्या दिवशी नाना काही म्हणाले होते?"

"झालं म्हनले," आई म्हणाली. "म्या म्हनलं, झालं तर आता ष्टँडवर कशाला? तर म्हनले, पोरीनं पाठवलंय, न आनून कसं चालंल. मला काय ठावं, काय झालं ते."

प्रिंटरनं करकर करत चार कागद काढले. जयमालानं ते डिंकानं जोडले. गोरक्षनं नकाशा जमिनीवर पसरला, गुडघ्यावर बसून खांबांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"काम एक नंबर हाय, ताई. लेकीचा हातच येगळा. नानांना न्हाई जमलं, पन तुमी येळ साधली."

त्यानं नकाशाची गुंडाळी करायला घेतली. जयमालानं कागदाच्या कडेवर तळहात ठेवला.

"हा नानांनी काढलाय," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांचा हात बसला होता. फाइल मी चुकीची पाठवली होती, दोनदा. मला त्याच दुपारी कळलं, आणि फोन करूनही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाच म्हणाले, नीट उघडा." तिनं कागदावरचा हात काढला. "गावात विचारतील, गोरक्षभाऊ. तेव्हा हे असंच सांगा. चूक माझी होती."