जांभईवाला

नव्वदच्या दशकात च्युइंगमच्या पाकिटातून क्रिकेटची कार्डं निघायची. पुढं खेळाडूचा फोटो, मागं नंबर. तो अख्खा संच मी जमवत आलोय. काही कार्डं लहानपणची, बाकीची नोकरी लागल्यावर कुठून कुठून मागवलेली. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला हे शोभतं का, असं कुणी विचारलं तर मी त्या माणसाकडं पुन्हा जात नाही.

संचात एकच जागा रिकामी होती, आणि तीही कुणाची, तर जांभईवाल्याची. हा गडी कुणाकडून खेळायचा हे मला आजही ठाऊक नाही. त्यानं आ वासला आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी बटण दाबलं, असा त्याचा फोटो. आमच्या खजुरी गावच्या दुकानात च्युइंगमचा जो डबा यायचा त्यातून सारखा हाच निघायचा. आम्ही त्याला सायकलच्या तारांत अडकवून टरटर वाजवायचो आणि फाटला की दुसरा लावायचो. दुर्मिळ म्हणून जपलेले सगळे टिकले, हा मात्र आता शोधून सापडत नव्हता.

"घरात जांभई देणारं काय कमी हाय?" पंचशीला, माझी बायको, म्हणाली. "तुमचाच फोटू लावा की तितं." पण मग तिनंच विचारलं, की तुम्ही ढिगानं ज्याला ते कार्ड द्यायचात, त्या सिद्धरामकडं का जात नाही?

सिद्धराम हा मेंढपाळाचा मुलगा, निर्णा गावचा. रब्बी निघाली की त्याचे वडील पिराप्पा खतासाठी लोकांच्या शेतांत मेंढ्या बसवत गावोगाव फिरायचे. कडगंची करून खजुरीला यायचे, आठवडाभर राहायचे. प्रत्येक गावचा डबा वेगळा, त्यामुळं निघणारे खेळाडूही वेगळे. सिद्धराम ते वाटेतल्या पोरांकडून बदलून आणायचा. आम्ही त्याची वाट बघत वेशीवर बसायचो. कार्डाला कार्ड, असा नियम होता. त्याच्या एकेका हिऱ्याच्या बदल्यात आम्ही जांभईवाला टेकवायचो आणि त्याला गंडवल्याच्या आनंदात घरी जायचो.

रविवारी अल्बम घेऊन मी निर्ण्याला गेलो. सिद्धराम अंगणात तुरीच्या तुरकाट्या रचत होता. केस पांढरे झालेले, पण हसला आणि ओळख पटली. पिराप्पा दोन वर्षांपूर्वी गेले, असं त्याची आई बाणूबाई चहा देता देता म्हणाली. मेंढ्या त्याच्या कितीतरी आधीच विकल्या होत्या.

कार्डांचं नाव काढताच तो पोट धरून हसू लागला. इकडं निर्ण्यात जांभईवाला कुणालाच निघत नसे म्हणे. खजुरीत एकास एक घेतलेला तो इथं एकास दोन जायचा. मला हसावं की चिडावं कळेना. इतकी वर्षं जपलेली हुशारी पाच मिनिटांत गेली.

त्याच्याकडं एक शिल्लक होता. घरात जाऊन त्यानं प्लास्टिकची पिशवी आणली. तीत पिराप्पांचं आधारकार्ड होतं, आणि त्याला चिकटून जांभईवाला, कोपरे गोल झालेले, पण तोंड तसंच उघडं. मी खिशात हात घातला.

"पैसे कामून काढायलास?" त्याचं हसू गेलं होतं. "ठेव ते आत. कार्डाला कार्ड."

आता माझी पंचाईत झाली. कार्ड न्यायचं तर दुसरं सोडावं लागणार, म्हणजे संच पुन्हा एकानं कमीच. दोनदा आलेलं, जोड कार्ड माझ्याकडं एकही नव्हतं. अल्बम मी त्याच्या मांडीवर ठेवला आणि एखादं साधंसुधं निवडू दे, अशी मनातल्या मनात विनवणी करत बसलो.

त्यानं पानं सावकाश उलटली. ही दोन मी आणलेली, म्हणाला. हे दुसऱ्या गावचं, ह्याच्यासाठी बापानं मला झोडपलं होतं. मग त्याचं बोट थांबलं ते कप्तानाच्या कार्डावर. ते मिळवायला मला सात वर्षं लागली होती. मी अल्बममध्ये रोज फक्त तेच बघतो, हे पंचशीलालाही माहीत आहे.

"हे," तो म्हणाला.

मला खरोखर राग आला. साधी कितीतरी होती. मुद्दाम वर्मावर बोट ठेवायची काय गरज? मी म्हणालो, "तुला हेच पायजे कामून?"

कार्डावरची नसलेली धूळ सिद्धरामनं अंगठ्यानं पुसली.

"मेंढरं इकल्यापासनं माझी कुणी वाट बघत न्हाई, प्रेमानंदा," तो म्हणाला. "अन माझ्याकडं यायला कुणाला कारणबी न्हाई. दुसरं घेतलं तर तू परत यायचा न्हाईस. हे घेतलं तर पुढल्या साली बदलून न्यायला येशील."

कप्तानाला पानातून काढायला मी जरा जास्तच वेळ घेतला, खोटं कशाला सांगू. तो मी सिद्धरामच्या हातात दिला. बाणूबाई आतून विचारत होती, की पाव्हणा जेवून जाणार का. मी हो म्हणालो.