आतला माणूस घ्यायचा नाही

माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणायची, आणि ते खरंच आहे. त्यामुळे नोकरीसाठी आलेल्या लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे यायला नको होतं. पण आमच्या प्रकल्पात माणसं दोनच, आणि दादांना टायपिंगचा भयंकर कंटाळा. मग राहिलं कोण?

ज्या देशांत सरकार इंटरनेट अडवतं, तिथल्या लोकांना आडवाटेनं बाहेरच्या इंटरनेटवर पोचवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. फुकट. सगळा कोड उघड्यावर ठेवलेला. कुणीही वाचा, कुणीही दुरुस्त करा. अडवणारेही वाचतात, ते आलंच. दादांनी हे सुरू केलं, मी मागाहून येऊन चिकटले. दादा म्हणायचे एवढंच, नात्यातले नाहीत. ऑफिस म्हणजे लॉन्ड्रीवरची एक खोली, दोन टेबलं, एक किटली आणि खालच्या मशिनांमुळे दिवसभर थरथरणारी खिडकी. आम्ही दोघं एकाच देशातून पळून आलोय. परत गेलो तर विमानतळावरूनच उचलतील.

आई मात्र तिकडेच होती, मावशीजवळ. साधा फोन लागायचा नाही. बाहेरचे फोन सरकारनं कधीच तोडले होते. आईचं तोंड बघायचं तर आमच्याच सॉफ्टवेअरमधून, मावशीच्या मोबाइलवर.

मग तिकडे सरकारनं अडवायची नवी यंत्रणा बसवली आणि आमचं सॉफ्टवेअर गपकन बंद पडलं. शेवटच्या कॉलमध्ये आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. मावशी सांगत होती, "पायांवर सूज आलीय हिच्या, डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणतात." पुढे काय म्हणतात ते कळलंच नाही, तेवढ्यात सगळं गेलं. दादांनी आणि मी डोकी आपटली, काही उमजेना. शेवटी माणूस ठेवायचं ठरलं. काम घरबसल्या, जगात कुठूनही.

आमच्याकडे मुलाखतीत चेहरा बघत नाहीत, आवाज ऐकत नाहीत, खरं नाव विचारत नाहीत. टोपणनाव सांगा आणि काम दाखवा, बस. फक्त एक गोष्ट लिहून घेतो, की तुम्ही अडवणूक असलेल्या देशात राहत नाही. आतला माणूस घ्यायचा नाही. हा दादांचा नियम. पूर्वी एक मुलगी आतून आमच्यासाठी काम करायची. ती अजून तुरुंगात आहे. दादा तिचा विषय काढत नाहीत, पण नियम मात्र उठता-बसता सांगतात.

अर्ज काय एकेक आले, विचारू नका! एका महाशयांचा पहिला प्रश्न, सुट्ट्या किती? दुसऱ्यानं आमचाच कोड, ओळी इकडच्या तिकडे करून, आम्हालाच पाठवला, वर म्हणतो, सुधारला. मी त्याला जे उत्तर लिहिलं ते दादांनी पाठवू दिलं नाही. गाळता गाळता दोघं उरले. एक फार व्यवस्थित, प्रत्येक निरोपाला 'आदरणीय' लावणारा. त्याला मी 'नीटनेटके' म्हणायला लागले. दुसऱ्यानं स्वतःच नाव घेतलं होतं, उंदीरमामा.

दोघांना परीक्षा एकच दिली. ही नवी यंत्रणा चुकवून दाखवा. नीटनेटक्यांनी आराखडा पाठवला, आकृत्यांसकट, आणि काही आठवडे लागतील म्हणून कळवलं. उंदीरमामांनी दुसऱ्याच दिवशी कोड पाठवला. सोबत दोन ओळी: "ताई, ही यंत्रणा सर्व्हरचं पहिलं उत्तर बारकाईनं तपासते, पुढच्याकडे कानाडोळा करते. पहिलं उत्तर बनावट पाठवायचं."

"हा बाबा आहे तरी कोण?" दादा म्हणाले.

बदल सगळा आमच्या सर्व्हरवर होता, मावशीला काही करायचंच नव्हतं. मी कॉल लावला. लागला! मावशी किंचाळली आणि तिनं मोबाइल आईसमोर धरला. आईनं मला न्याहाळलं. चेहरा तिचाच सुजलेला, आणि म्हणते कशी, "केवढी वाळलीस गं! जेवतेस की नुसती भांडतच असतेस?"

मी हसत होते की रडत होते देव जाणे. स्क्रीनवर बाजूच्या खिडकीत मामांशी चॅट उघडं होतं. "मामा, कमाल केलीत!" एवढं लिहिलं, आणि इकडे आई अंधारात गेली, कॉल तुटला. मामांना विचारावं तर मामाही गायब. ऐन वेळी उठून गेले म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. चहा करून झाला, पिऊन झाला, तेव्हा मावशी परत आली. "लाईट गेली होती गं मेली." मी चॅटकडे वळले. मामाही आले होते. "सॉरी ताई. लाईट गेली होती."

एकदा झालं तर योगायोग म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी आई मला डाव्या कुशीवर झोपता येत नाही ते सांगत होती, तर पुन्हा तेच. कॉल आणि मामा, दोघं बरोबर गेले आणि बरोबर आले.

"मामा, तुम्ही कुठे राहता?" मी लिहिलं.

"हे विचारायचं नसतं ना?"

"तुम्ही लिहून दिलंय, बाहेर राहतो म्हणून."

"बाहेरच राहतो की. बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीत आई असते."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. डोकं ठिकाणावर आहे का, जिवावर उदार झालात का, आम्हाला काय खुनी समजलात का, सुचेल ते लिहीत सुटले. त्यांनी सगळं येऊ दिलं. मग लिहिलं, "ताई, आत बसल्याशिवाय हे दिसत नाही. ज्यानं हे कधी भोगलं नाही त्याला बाहेरून आणून काय करणार तुम्ही?"

"मला शिकवू नका!" मी लिहिलं. "माझी आई आहे तिथे. आजारी आहे. तुमच्याच गल्लीत असेल कदाचित."

आणि चॅट बंद केलं.

तिसऱ्या दिवशी यंत्रणेला आमची युक्ती कळली. कॉल लागेना. दुपारी मामांचा निरोप आला. एकट्यादुकट्यापुरती वाट त्यांना काढता येत होती, मावशीसारख्यांना ती कुठली जमायला. "नोकरीचं राहू द्या, ताई. फक्त एकदा करून देतो. संध्याकाळपर्यंत होईल. आईशी बोलून घ्या."

संध्याकाळपर्यंत होईल, हे मलाही माहीत होतं. कसं होईल तेही माहीत होतं. घरच्या लाइनवरून यंत्रणेला पुन्हा पुन्हा डिवचायचं, कुठे ढिली पडते ते बघायचं. आणि प्रत्येक डिवचण्याची नोंद तिकडे होते. ती मुलगी अशीच सापडली होती.

दादांनी माझ्या खांद्यावरून निरोप वाचला. मला वाटलं, आता नियम सांगतील. मी वाटच बघत होते. ते म्हणाले, "तुझी आई आहे. मी काही बोलणार नाही. तू म्हणशील तसं."

"बोला ना!" मी ओरडले. "एरवी कान किटवता आणि आज तोंड शिवलंत? नाही म्हणा ना, दादा!"

दादा चष्मा पुसत जिना उतरून गेले. एवढी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.

मी मामांना विचारलं, "आई काय करतेय तुमची?"

"भाजी निवडतेय. तिला वाटतं मी दिवसभर गेम खेळतो. आत्ताच म्हणाली, डोळे फुटतील तुझे."

मला माझ्या आईचं तोंड दिसत होतं आणि ती न बघितलेली बाईसुद्धा दिसत होती, भाजी निवडणारी. माझ्या आईला मी हवी होते. तिलाही तिचा लेक हवा असणार. मी लिहिलं, "नको."

"ताई, एकदाच."

"नको म्हटलं ना!" आणि त्यांचं खातं बंद केलं. आमच्या सर्व्हरवर यायची त्यांची वाट मोडली. उद्या मलाच मोह झाला असता, माझा काही भरवसा नव्हता. मग टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. खाली मशिनं चालू होती, कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता.

नीटनेटक्यांना ठेवलं. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नाही. तो बाहेर बसून, एकेक गाठ उलगडत, मान मोडून काम करत होता. मी त्याच्यावर इतकी ओरडायचे की तो 'आदरणीय' लावायचा विसरून गेला. आठवड्यांमागून आठवडे गेले. झोपले की आई दिसायची, काहीतरी विचारायची आणि मला ऐकूच यायचं नाही.

शेवटी एका दुपारी त्याचा निरोप आला, करून बघा. मी लगेच कॉल लावला. मावशीनं उचलला. तिच्या मागे पलंग होता आणि पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"आत्ता वेळ मिळाला का गं तुला?" मावशी म्हणाली. तिचं रडून झालं होतं, आवाज नुसता कोरडा होता. "गेली ती. मागच्या आठवड्यात. रोज मोबाइल उशाशी ठेवायला लावायची. लेक यातलीच आहे, म्हणायची, ती करेल काहीतरी. सगळ्या जगाला रस्ते काढून देतेस ना गं तू?"

मामांचं नाव मी काढलं नाही. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. आई शेवटी कुणाला ओळखत होती, कुणाला नाही. मला विचारत होती. मग तिकडची लाईट गेली आणि कॉल तुटला.

दादांनी काही न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी तशीच बसले होते. लाईट आली असावी, कारण एक मेल येऊन पडला. उंदीरमामांचा.

"ताई, आज इकडे सगळ्यांचं सुरू झालं! कोड वाचला, नीटनेटका माणूस घेतलात वाटतं, काम झकास आहे. मी शहाण्यासारखा गप्प बसलो, यंत्रणेला बोटसुद्धा लावलं नाही. आई भेटल्या का? कशा आहेत?"

खरं सांगितलं असतं तर तो पोरगा आयुष्यभर ती एक संध्याकाळ उगाळत बसला असता. मी लिहिलं, "भेटली. बरी आहे. सूज उतरलीय."

लगेच उत्तर आलं. "सुटलो, ताई! इतके दिवस झोप लागत नव्हती. वाटायचं, तुमचं ऐकायला नको होतं मी. बरं झालं ऐकलं."

दादा खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मी डोळे पुसले, अक्षरं दिसायला लागली, आणि लिहिलं, "हो. बरं झालं."