रबाळ्याच्या पुढे लाल दिवा

तळवलीच्या फाट्यावर बायजा दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी होती. वैशालीने करकचून ब्रेक दाबला. कोपरखैरण्याला त्यांच्या बिल्डिंगमध्ये रोज मासळी घेऊन येणारी ही बाई एरवी जिना चढता चढता सगळ्यांची खबर घ्यायची. आज तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"नातीला पान लागलाय गो बाय," एवढंच ती म्हणाली.

बांधावर तिची नात चंदा बसली होती. भात कापताना तिला घोणस चावली होती. पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजून तकतकीत झाला होता आणि जखमेतून रक्त थांबत नव्हतं.

वैशाली वडिलांना, दिनानाथांना, घेऊन ठाण्यालाच निघाली होती, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तिने दोघींना मागे बसवलं आणि गाडी पिटाळली.

गाडी जुनी होती, डिझेलची. दिनानाथांनी सारी नोकरी गोदीतल्या लाँचवर इंजिनं सांभाळण्यात घालवली आणि रिटायर झाल्यावर हौसेने ही गाडी घेतली. मग काचबिंदूने त्यांची नजर नेली आणि स्टिअरिंग वैशालीकडे आलं. बॉनेटला मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. चाचपडत का होईना, तेलपाणी ते स्वतःच बघायचे.

रबाळं मागे पडलं आणि समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

आधी वैशालीला वाटलं, उन्हाची तिरीप असेल. पण दिवा लागलेलाच राहिला.

"बाबा, ऑइलचा दिवा लागलाय."

"इंजिन बंद कर."

"पण चंदा..."

"आत्ता बंद कर, वैशू! तेल चढत नसेल तर दोन मैलांत इंजिन धरेल. मग धक्का मारूनसुद्धा हलायची नाही."

तिने गाडी कडेला घेतली. इंजिन थांबलं आणि मागून चंदाचा श्वास ऐकू यायला लागला. शुक्रवार होता, इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, रस्ता ओस पडलेला. लांबून एक टँकर आला. वैशाली हात हलवत मध्ये धावली. टँकरने हॉर्न दाबून तिला बाजूला घालवलं आणि तो धूळ उडवत निघून गेला.

"गारी कशाला थांबवलीस?" बायजा ओरडली. "पोर मरल माजी! चालव ना!"

वैशालीने बॉनेट उघडलं. दिनानाथ गाडीला हात लावत लावत पुढे आले.

"तेलाची पट्टी काढ. पूस. परत घाल. आता सांग, तेल कुठवर?"

"वरच्या खुणेला."

"खाली रस्त्यावर ठिबकतंय?"

ती वाकली. "नाही. कोरडं आहे."

"बरं. फिल्टरच्या वर, इंजिनच्या अंगाला एक छोटा स्विच आहे. एकच वायर येते त्याच्यावर. सापडला? चावी नुसती फिरव, सेल्फ मारू नको. मग ती वायर उपट."

तिने उपटली. पण दिवा बघायचा कोणी? "बायजामावशी, पुढे वाका. तो लाल दिवा दिसतो का?"

बायजाने रागारागाने मान पुढे काढली. "इजला."

"म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला टेकलेली नाही," दिनानाथ म्हणाले. "आता दोनच गोष्टी राहिल्या. एक तर स्विच गेलाय, नाहीतर खरंच तेल चढत नाही. स्विच खोल. भोकातून तेल येतं का ते बघू."

पाना घेऊन ती कामाला लागली. स्विच आवळून बसला होता. पाना सटकला, बोटं तापलेल्या इंजिनाला घासली, चर्रकन भाजली. मागे चंदाने उलटी केली. वैशालीने दात आवळून पुन्हा जोर लावला आणि स्विच सुटला.

दिनानाथ दार चाचपत ड्रायव्हरच्या जागी बसले. "मी स्टॉपचा नॉब ओढून धरतो, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल. तू भोकाकडे बघ."

सेल्फ घरघरला.

"काही नाही, बाबा."

"अजून."

पुन्हा घरघर. भोक कोरडंच. सेल्फचा आवाज आता जड व्हायला लागला होता. बॅटरी बसली की सगळंच संपलं. तिने मागे पाहिलं. चंदाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि बायजा ते पदराने टिपत होती.

"एकदाच," दिनानाथ म्हणाले.

भोकातून आधी बुडबुडा आला. मग काळंभोर गरम तेल फसफसून उसळलं आणि तिच्या कोपरापर्यंत उडालं.

"आलं!"

"धार कशी होती? जाड की नुसतं झिरपलं?"

"उसळत होतं. जाड."

दिनानाथांचा चेहरा उतरलेला होता. "पंप चालतोय एवढं नक्की. पण गरम इंजिन पळताना प्रेशर पुरेल का, हे यावरून छातीठोक सांगता येत नाही. मला दिसत नाही, पोरी. तू पाहिलंस, तू ठरव."

इतक्या वर्षांत त्यांनी इंजिनाबद्दलचा निर्णय पहिल्यांदा तिच्यावर सोपवला होता. तिला मात्र ते जाणवायलाही सवड नव्हती.

"जायचं," ती म्हणाली. स्विच आवळला, वायर लावली, हात साडीला पुसले.

दिनानाथ शेजारच्या सीटवर सरकले आणि तिने इंजिन सुरू केलं. दिवा पेटलेलाच होता. दिनानाथांनी डॅशबोर्डवर तळहात टेकला आणि मान तिरकी करून ते ऐकत राहिले. "रेस जास्त देऊ नको. तेलावाचून बेअरिंगचा ठोका यायला लागला तर मला आधी कळेल."

ऐरोली गेली. दिघ्याच्या खडबडीत रस्त्यावर अचानक ठक्, ठक् असा आवाज सुरू झाला. वैशालीचा पाय आपोआप क्लचवर गेला. वडिलांनी मान मागे वळवून कान दिला.

"पाना," ते म्हणाले. "मागे टाकलेला पाना आपटतोय. चल तू."

कळव्याचा पूल ओलांडून ती सरकारी दवाखान्यात शिरली तेव्हा चंदाला धड हाकेला ओ देता येत नव्हती. वॉर्डबॉयनी तिला उचलून आत नेलं. लगेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. अजून उशीर परवडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पण वाचेल की नाही, ते बोलले नाहीत. ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस कोणालाच काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं आणि पोरीने पेज मागितली.

दरम्यान कळव्याच्या मेकॅनिकने गेज लावून पाहिलं. प्रेशर ठीक होतं, स्विचच आतून गेलेला होता.

बायजा इतके दिवस वैशालीशी एक शब्द बोलली नव्हती. पेजेची वाटी रिकामी झाल्यावर व्हरांड्यात येऊन तिने विचारलं, "तवा थांबली नसतीस तं?"

"दिवा खरा असता तर गाडी वाटेतच बंद पडली असती, मावशी. मग चौघंही उन्हात बसलो असतो."

"आन् खोटाच निंगाला."

"हो. पण ते बघितल्याशिवाय कळलं नसतं."

बायजाने वैशालीचा हात ओढून घेतला, फोड आलेली बोटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "याला कायतरी लावलास का नाय? बस हितं. खोबरेल आनतंय."