छपराला टेकलेली शिडी

मित्रांनो, मागच्या अंगणात भिंतीशी आडवी पडलेली, जिच्यावर कुणीतरी ओले पायपुसणे वाळत टाकले आहे, ती जुनी शिडी म्हणजे मीच. माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. मीही तुमच्याकडे पाहून मुरडले असते, पण मला नाक नाही. आणि इतकी वर्षे माणसांचे तळपाय पाहिल्यावर माणसांबद्दल फारसा आदर मनात उरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला एका तिरसट सुताराने घडवले. दिवसभर तो लाकडाशी भांडत असे आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाशी. माझे दोन उभे दांडे त्याने इतके सरळ तासले, की त्यावरून हात फिरवून तो स्वतःशीच हसला. मग कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून त्याने लगेच कपाळाला आठ्या घातल्या. मला त्याचा स्वभाव आवडला. माझ्यात तो थोडा उतरला असावा.

मला विकत घेतले एका शिंप्याने. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी नुकतेच आपले घर बांधले होते. पुढे एक खोली, मागे एक खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि वर कौले. पावसाळ्याच्या आधी मास्तर मला छपराला टेकवत, वर चढत आणि एकेक कौल बोटाने वाजवून पाहत. तडा गेलेले कौल बद्द आवाज करते. ते काढून तिथे लगेच नवे बसवत. नव्या कौलांची एक चळत त्यांनी मागच्या भिंतीशी कायमची रचून ठेवली होती. त्यांची बायको खाली उभी राहून मला घट्ट धरी. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते.

त्या काळात माझे कौतुकही फार झाले. शेजारीपाजारी म्हणत, "काय शिडी आहे हो! जरा देता का, संध्याकाळी आणून देतो." त्यांची संध्याकाळ पुढच्या आठवड्यात उजाडायची. अंगावर चुन्याचे शिंतोडे घेऊन मी परत यायची. एकानेही मला कधी पुसले नाही. असले कौतुक मी ओळखून आहे.

पुढे मास्तरांचे गुडघे दुखू लागले आणि छपराची जबाबदारी त्यांच्या मुलाकडे आली. या मुलाला गल्लीत 'बघू' म्हणतात. त्याचे खरे नाव काहीतरी चांगले आहे, पण ते त्याला शोभत नाही. नळ गळतो आहे, "बघू." दार लागत नाही, "बघू." मास्तर म्हणाले, "अरे, यंदा कौलं वाजवून घे." तो म्हणाला, "बघू, बाबा." आणि मी अंगणात आडवी झाले. माझ्यावर आधी चादरी वाळल्या, मग मांजर व्याली, मग पावसाचे पाणी मुरून माझ्या एका पायरीला चीर गेली. मांजरीने निदान मला काही वचन दिले नव्हते.

अशात पहिल्या गारा पडल्या. तुम्हाला गारा आवडतात, ठाऊक आहे. वेचून तोंडात टाकता, डोक्यावर भांडे घेऊन नाचता. या गारा लिंबाएवढ्या होत्या. छपरावर कुणीतरी दगडांची पोती उपडी करत असल्यासारखा आवाज होत होता. गारा थांबल्या तेव्हा मागच्या खोलीवरची, वळचणीजवळची कौले फुटून आत पडली होती. त्या खोलीत, त्या फुटक्या कौलांच्या बरोबर खाली, मास्तरांची खाट होती.

बघूने मला उचलले. मला वाटले, झाली एकदाची सुरुवात. तो चार पायऱ्या चढला, मोबाइलवर फोटो काढला आणि उतरला.

"फार नाही फुटलीत," तो म्हणाला. "पण आता ठिगळं लावत बसायचं नाही. कौलंच काढून टाकू. वर पत्रे घालू, मस्त रंगीत. एकदाच काय ते कायमचं करायचं."

मास्तर म्हणाले, "कर की. पण तोवर ही चार कौलं बसव. मागे चळत पडलीय."

"आज बसवायची आणि उद्या काढायची? डबल काम नुसतं."

"अरे, जन्मभर ठिगळं लावूनच तुला मोठा केला मी!"

बघूने भोकांवर प्लास्टिकचा कागद टाकला, त्यावर विटा ठेवल्या आणि तो पत्र्यांची चौकशी करायला निघाला. त्याची चौकशी अजून संपायची आहे. एकाचे पत्रे जाड होते पण रंग बरा नव्हता, दुसऱ्याचा रंग बरा होता पण माणूस बरा नव्हता. रोज संध्याकाळी तो घरी येऊन पत्र्यांवर व्याख्यान देई. रोज पावसाची एखादी सर येई आणि कागदाखालून पाणी मास्तरांच्या पांघरुणावर ठिबके.

मास्तरांना खोकला झाला. मग ताप. मग एके सकाळी त्यांना बसल्या जागी श्वास पुरेना, तेव्हा दवाखान्यात नेले. न्यूमोनिया निघाला. बऱ्याच दिवसांनी ते घरी आले ते अर्धे होऊन. मी खिडकीखाली पडले होते, त्यामुळे त्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंचे बोलणे मला नीट ऐकू आले.

"औषधं देतेच आहे," त्या म्हणाल्या, "पण या खोलीत ओल आहे. यांना कोरड्यात ठेवा. पुन्हा भिजले तर मला बोलावून उपयोग होणार नाही."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "यांची खाट पुढच्या खोलीत घेऊ या."

पुढच्या खोलीत बघूने नवा सोफा घेतला होता. त्यावरचे प्लास्टिकही अजून काढले नव्हते.

"पुढे खाट?" बघू म्हणाला. "येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर? आणि सोफा कुठं ठेवू, डोक्यावर? चार दिवस थांब ना आई. पत्र्याचं जवळजवळ ठरलंय."

त्याची बायको भांडी घासता घासता म्हणाली, "डोक्यावरच ठेवा. रिकामी जागा आहे." पण नळ चालू होता, त्याला ऐकू गेले नाही. मला गेले. त्या दिवसापासून सुनेबद्दल माझे मत जरा सुधारले.

मग येणारेजाणारे आले. मास्तरांची बहीण, म्हणजे बघूची आत्या, सोफ्यावर बसली आणि तिथूनच मागच्या खोलीत हाक मारून विचारू लागली, "दादा, कसं आहे रे?" खोकल्याने उत्तर दिले. ती आईला म्हणाली, "वहिनी, छप्पर नीट करून घ्या हो. आजारी माणसाला ओल चांगली नाही." हे ज्ञान देऊन ती घरी गेली. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तेच सांगितले. मित्रांनो, मी तिथे, चळतीला खेटून पडले होते. एकाही सल्लागाराचा पाय माझ्या पायरीला लागला नाही.

मग ती दुपार आली. आकाश आधी मातकट झाले, मग शेवाळी. वारा सुटला आणि छपरावरचा कागद विटांसकट उडून शेजारच्या अंगणात गेला. बघू पत्र्यांचे नमुने बघायला गेला होता. आई स्वयंपाकघरात औषध गाळत होती. मागचे दार उघडले आणि अंगाभोवती शाल गुंडाळलेले मास्तर भिंत धरत धरत माझ्याकडे आले.

त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला. एकेकाळी ते मला एका हाताने उचलत. आता माझे एक टोक हलवतानाही त्यांना धाप लागली. तरी त्यांनी मला कसेबसे छपराला टेकवले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तो पाय इतका हलका होता की मला भीती वाटली.

आई औषधाची वाटी घेऊन दारात आली.

"अहो! वेडबीड लागलंय का तुम्हाला?"

"ढग बघ."

"बघितले. उतरा खाली."

"गारा येणार. कोण बसवणार कौलं? तो?"

आईने वाटी त्यांच्या हातात दिली. "तुम्ही हे औषध घ्या आणि दारात बसा. मी चढते."

"तू? तू स्टुलावर चढताना भिंत धरतेस!"

"इथं कौल धरीन."

एवढ्यात सून धावत आली. "आई, मी चढते, तुम्ही थांबा."

"तुझ्या हातात जोर आहे, तू कौलं वर दे," आई पदर खोचत म्हणाली. "माझं काम सोपं आहे. नुसतं घाबरायचं."

आणि ती चढली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत, देवाचे नाव घेत आणि मधूनच बघूचेही, पण वेगळ्या सुरात. चीर गेलेल्या पायरीवर ती आली तेव्हा मी करकरले. ती क्षणभर थांबली, म्हणाली, "गप्प बस गं," आणि पुढे गेली. मी गप्प बसले. मला असे कुणी बोललेले खपत नाही, पण त्या वेळी खपले.

मास्तर दारातून सांगत होते. "खालच्या ओळीपासून सुरू कर. फुटके तुकडे आधी काढ. आता वरच्या ओळीतलं कौल जरासं उचल, त्याखाली नवं सरकव. मागची खुंटी आतल्या पट्टीवर बसली की टक् वाजेल."

"नाही वाजलं."

"मग नाही बसलं. पुन्हा कर."

टक्. सुनेने दुसरे कौल वर दिले. टक्. तिसऱ्याला वेळ लागला. आईचे बोट चेमटले, पण ती ओरडली नाही. शेवटच्या कौलाची जागा उरली असताना अंगणातल्या बादलीवर पहिली गार आदळली.

"उतर!" मास्तर ओरडले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

"तुम्ही आत व्हा!" आई वरून ओरडली. "तुम्ही भिजलात तर हे सगळं कशाला करतेय मी?"

ते आत गेले. सुनेने एका हाताने कौल वर दिले, दुसऱ्या हाताने कोपऱ्यातले लोखंडी घमेले उचलले आणि तीही माझ्यावर चढली. आईच्या मागे उभी राहून तिने घमेले सासूच्या डोक्यावर धरले. घमेल्यावर गारा ताडताड वाजत होत्या. दोघींचे वजन त्या चिरलेल्या पायरीवर आणि वाऱ्याने माझे दांडे भिंतीवर घसटत होते. माझे काम एवढेच होते की मोडायचे नाही. मी मोडले नाही.

तेव्हाच बघूची स्कूटर आली. तो वळचणीखाली अंग चोरून उभा राहिला.

"आई! खाली उतर आधी! मी बघतो ना!"

"बघ," आई म्हणाली. "तिथूनच बघ."

एक गार तिच्या मनगटावर बसली. हात सुजायच्या आत तिने शेवटचे कौल सरकवले. टक्. मग दोघी उतरल्या आणि स्वयंपाकघरात शिरून जमिनीवरच बसल्या. सून रडत होती आणि हसतही होती. आईने आधी मागच्या खोलीत डोकावून वर पाहिले, मग मास्तरांची शाल चाचपली. कोरडी होती.

पुढच्या खोलीची कौले मात्र कुणी वाजवून पाहिलेली नव्हती. ती त्या दुपारी फुटली. सोफ्यावर प्लास्टिक होते हे खरे, पण कौलाच्या तुकड्यांनी ते फाडले आणि मग सोफा मनसोक्त पाणी प्यायला. मला आनंद झाला. लपवायचे कशाला?

दोन दिवसांनी आत्या पुन्हा आली. मागच्या खोलीचे छप्पर शाबूत पाहून बघूला म्हणाली, "किती केलंस रे बापासाठी!"

बघू म्हणाला, "करावं लागतं, आत्या."

आई तिथेच हाताला पट्टी बांधून बसली होती. सून म्हणाली, "आत्या, जरा पाय वर घ्या. सोफ्यातून अजून पाणी गळतंय." मग तिने मला उचलले, पुढच्या दारी छपराला टेकवले आणि नवऱ्याला म्हणाली, "चढा. मी धरते."

"पत्र्याचं ठरलं की..."

"चढा."

तो चढला. मास्तर आतून सूचना देत होते, आवाज बारीक पण स्पष्ट. पहिले कौल बघूच्या हातून निसटून फुटले, दुसरेही. पण तो शेवटचे कौल बसेपर्यंत उतरला नाही. एवढे मी मान्य करते. त्याहून जास्त अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

मास्तर त्या आजारातून उठले. पूर्वीसारखे नाही. थोडे चालले की दम लागतो, आणि शिवणाच्या मशीनवर बसतात ते फक्त सकाळचे. पण बसतात. मागच्या खोलीतून मशीनचा खडखड आवाज येतो आणि आई तो ऐकत, एका हाताने का होईना, स्वयंपाक करते. तिचे मनगट अजून पुरते वळत नाही.

तर मित्रांनो, शेवटी काही मागायची रीत असते. मला तेल लावा, रंग द्या, असे मी म्हणणार नाही. तुम्ही ऐकून हो म्हणाल आणि विसराल, मी तुम्हाला ओळखते. मागते ते एवढेच. फुटलेले दिसले की त्याच दिवशी हात लावा, विशेषतः त्याखाली कुणी आजारी माणूस झोपत असेल तर. आणि तेवढेही तुमच्याने होणार नसेल, तर जो हात लावतो आहे त्याला सल्ला देऊ नका. त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.