राख-लिंबाची आंघोळ

मी एक तलवार बोलतेय. घाबरू नका, माझी धार केव्हाच गेली. जीभ तेवढी शाबूत आहे.

घोडदळातल्या एका अधिकाऱ्यासाठी मला भट्टीत घडवलं. तुम्हाला वाटेल, हिनं रणांगणं गाजवली असतील. छे! मालक कवायतीत मला उपसायचे, उन्हात चमकवायचे आणि घरी येऊन माझ्यानं पाव कापायचे. त्यांच्या माघारी सुनेनं मला काठीला बांधून झाडावरची फळं पाडली. पुढे भंगाराच्या दुकानात पडून राहिले, तिथं अंगावर काळसर थर चढला.

तिथून मला उचललं ते घड्याळजींनी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायची आणि सुटीच्या दिवशी जुन्या लष्करी तलवारी धुंडाळायच्या, हा त्यांचा शिरस्ता. मी सहावी. मला पाहून त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "आणखी एक? अहो, आपण झोपायचं कुठं?" माझ्यासाठी भिंतीवरचा आरसा हलवावा लागला, म्हणून काकू वर्षभर मला सवत म्हणत होत्या. धूळ मात्र रोज त्याच पुसत, कोरड्या फडक्यानं.

बत्तीस वर्षं मजेत गेली. मग दोघांच्याही गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि लेकीनं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर पाहिलं. "तलवारी नकोत हं बाबा," तिनं बजावलं. एकेक करत पाच गेल्या. मला दातांचे एक डॉक्टर घेणार होते, फक्त पारख्यानं हो म्हणायचं बाकी होतं. घड्याळजी सगळ्यांना सांगत, "बरं झालं, चांगल्या घरी चाललीय," आणि जेवण अर्धवट टाकून माझ्यासमोर येऊन बसत. मला फार वाईट वाटायचं. मलाही जायचं नव्हतं.

पारखी येणार त्या सकाळी घड्याळजी केस कापायला गेले आणि काकूंनी मला खाली काढून थेट मोरीत नेलं. राख, लिंबू आणि काथ्या! गुदगुल्यांनी मी बेजार झाले.

"गप पड," काकू पुटपुटल्या. "बत्तीस वर्षं ऐकतेय यांचं. काळा थर निघाला की जाणकार हात लावत नाहीत म्हणे. बघू या तरी."

पारख्यानं मला म्यानातून काढलं आणि त्याचा चेहराच उतरला. "हे कुणी केलं?"

"मी. तुम्ही येणार, म्हटलं जरा स्वच्छ दिसावी."

"अहो वहिनी, तो थर म्हणजे तिचं वय होतं. तुम्ही ते मोरीत सोडून दिलंत. डॉक्टर आता नाही घ्यायचे."

घड्याळजी बायकोकडे वळले. "अगं, तुला मी किती वेळा सांगितलं होतं, की..." बोलता बोलता ते थांबले. बायकोकडे पाहत राहिले. ती चहा ओतण्यात अगदी गढून गेली होती.

"राहू दे मग," ते पारख्याला म्हणाले आणि उगाचच खोकले.

आता मी नव्या घरात स्वयंपाकघराच्या दारावर असते. फोडणीचा ठसका लागतो, पण तक्रार नाही. तुमच्याकडे एखादी जुनी तलवार असेल तर एवढंच सांगणं आहे, तिला घासू नका. अगदी घासायचीच वेळ आली, तर ती का घासतोय हे काकूंसारखं पक्कं ठाऊक असू द्या.

लेक अजून कुरकुरते, "बाबांची ही एक कशाला ठेवलीस गं आई?"

काकू पोळी उलटतात आणि सांगतात, "बाबांची नाही. माझी आहे ती."