मधल्या पानावरचं नाव

प्राध्यापक डूझबरींनी बदकाची तंगडी हातानेच उचलली, दातांनी ओरबाडली आणि हाड ताटाच्या कडेला टाकून म्हणाले, "हं, आणा तुमची ती वही इकडे."

ग्लेनिस पार्फिट जागची हलली नाही. ऑक्सफर्डमधल्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात तिची उभी हयात गेली होती. देणगीदारांच्या दुपारच्या मेजवानीत जुनी हस्तलिखितं मांडायची, ही कल्पना मास्टरांची, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखांची. काचेच्या पेटीत ठेवू, कुणी बोटही लावणार नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. आता पेटी सताड उघडी होती आणि तिच्या कडेवर कुणीतरी वाइनचा पेला ठेवला होता.

"सर, आधी हात धुऊन येता का?" ती म्हणाली.

टेबलावर हशा पिकला.

"अहो ग्लेनिस," मास्टर म्हणाले, "ती वही यादवीत क्रॉमवेलच्या शिपायांना पुरून उरलीये. बदकाला काय भिणार?"

डूझबरींनी रुमालाला हात पुसल्यासारखं केलं आणि वही स्वतःच ओढून घेतली.

ती एका खेड्यातल्या पाद्र्याच्या घरातली वही होती. एका टोकाकडून त्याच्या बायकोने इंग्रजीत मुरंबे, काढे, लेप लिहिलेले. वही उलटी धरली की दुसऱ्या टोकाकडून पाद्र्याची लॅटिन टिपणं. दोघं लिहीत लिहीत मधल्या पानाशी येऊन भेटली होती. पानाच्या एका अंगाला तिने लिहिलेलं तापावरचं औषध. पाठीमागे त्याने लिहिलेली प्रार्थना, ताप न उतरलेल्या लेकीसाठी. जुन्या सूचीत एवढंच नोंदवलेलं होतं. शाईने कागद खाल्ला होता, पान पापडासारखं झालं होतं. म्हणून ग्लेनिसने ते कुणालाच उघडू दिलं नव्हतं. स्वतःही उघडलं नव्हतं.

डूझबरींनी ते नेमकं उघडलं.

आणि वाचायला लागले. माणूस वाचत होता मात्र विलक्षण. शाळेपुरतं लॅटिन शिकलेली ग्लेनिस ज्या ओळीवर तासभर अडली असती, ती हा सहज म्हणत होता आणि लगेच अर्थही सांगत होता. "'तिला अंधाराची भीती वाटते, प्रभू. तिच्याजवळ दिवा असू दे. ती हाक मारील तेव्हा दुसरं काही काम काढू नकोस.'" सुऱ्याकाट्यांचा आवाज थांबला. एका बाईने डोळे टिपले.

ग्लेनिसला मात्र अंगठा दिसत होता. चरबीने चकाकणारा, नखाच्या कपारीत बदकाच्या कातडीचा तुकडा अडकलेला. ज्या तोंडातून ते शब्द येत होते, त्याच तोंडातून जीभ बाहेर आली, अंगठा चाटून गेली, आणि तो अंगठा पानावर उतरला.

"सर, अंगठा!"

उशीर झाला होता. अंगठा उचलला तसा नखाएवढा कागद त्याला चिकटून वर आला. डूझबरींनी त्याच्याकडे पाहिलं, "अरेच्चा" म्हणाले, ओठावरचा रस्सा पुसावा तसा तो रुमालात पुसला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

ग्लेनिसने त्यांच्या हाताखालून वही काढून घेतली. "पुरे झालं," ती म्हणाली आणि भर मेजवानीतून चालती झाली.

भोक नेमकं लेकीच्या नावाच्या जागी पडलं होतं. वही कुलपात ठेवून ती परतली तोवर टेबलं आवरली होती. रुमाल गेले होते.

स्वयंपाकघरात तिथली जुनी कामगार मॉरीन टूली धुण्याच्या टोपल्या बांधत होती. ग्लेनिसने काय झालं ते सांगितलं. मॉरीन म्हणाली, "अगं राणी, शंभर माणसांनी तोंडं पुसलीत यात!" तरी तिने बाह्या सरसावल्या.

दोघींनी एकेक रुमाल उलगडला. थिजलेली चरबी, लिपस्टिक, माशाचे काटे, एकात चावून थुंकलेला मांसाचा गोळा. एकात कुणी नाक शिंकरलं होतं.

"हे बघ, तपकिरी काहीतरी!"

"रश्श्याची साय आहे ती."

"आणि हे?"

बोटात धरताच ते विरघळलं. कागद होता की बदकाची कातडी, दोघींनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मास्टरांनी बोलावलं. "मुलीचं नाव गेलं म्हणता? मग डूझबरींना विचारा. वाचलं ना त्यांनी!"

तिने फोन केला. "सुसाना होतं वाटतं," डूझबरी म्हणाले. "की जोआना? बाई, तीन पेले झाले होते हो माझे!" डोळे टिपणारी बाई म्हणाली, फार हृदयस्पर्शी होतं, पण नाव काही लक्षात नाही. एकालाही आठवत नव्हतं. वहीचे फोटो काढायचं काम दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं गेलेलं. पाद्र्याच्या गावातल्या चर्चचं दप्तर यादवीत जळालेलं. आणि ग्लेनिस स्वतः तर तीन पावलांवर उभी होती. नाव तिच्या कानांवरून गेलं असणारच. पण तिचं सगळं चित्त त्या अंगठ्यात होतं. आता तिला आपलीच किळस आली.

"मेरी लिहून टाका," मास्टर म्हणाले. "तेव्हा निम्म्या पोरी मेरीच असायच्या. आणि डूझबरींना एक दिलगिरीची चिठ्ठी पाठवा, जेवणातून उठून गेलात तुम्ही."

"नाही, मास्टर."

"कशाला नाही?"

"दोन्हीला."

मास्टरांनी पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या मेजवानीचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं.

ग्लेनिसने त्या भोकावर पातळ, आरपार दिसणारा कागद चिकटवला. त्यावर काही लिहिलं नाही. पलीकडच्या अंगाला आईच्या औषधातलाही एक शब्द गेला होता. मधात काय कालवायचं, ते आता कळणार नव्हतं.

एका दुपारी मॉरीन ग्रंथालयाच्या दारात आली. इतकी वर्षं त्याच इमारतीत राबूनही ती तिथे कधी आली नव्हती.

"ज्याच्यापायी आपण ती घाण चिवडली, ते बघायचंय मला. हात धुऊन आलेय."

ग्लेनिसने वही उशीवर ठेवून उघडली. मॉरीनने हात पाठीमागे बांधून घेतले.

"काय लिहिलंय?"

ग्लेनिस शब्द लावत, चुकत, हळूहळू सांगू लागली. दिव्याची ओळ आली तेव्हा मॉरीन म्हणाली, "आमची धाकटीही दिव्याशिवाय झोपायची नाही." मग ती जागा आली. ग्लेनिस थांबली. मॉरीनने विचारलं नाही. एक नाव उच्चारायला लागेल तेवढा वेळ दोघी गप्प राहिल्या, आणि मग ग्लेनिसने पुढची ओळ वाचायला घेतली.