टेकाईचा घाम

मंगळवारी दुपारी टेकाईला घाम फुटला आणि पिंपळटेकच्या माणसांना काही सुचेनासं झालं.

टेकडीच्या पायथ्याला जाड कापडाचा मंडप घातला होता, चारी बाजूंनी बंद, आणि आत सगळं गाव कोंबलं होतं. समोर चौरंगावर देवी: पितळी कोठीवर पितळी मुखवटा, हिरवं पातळ, नाकात नथ. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, टँकर दोन दिवसांत फिरकला नव्हता, आणि इथं देवीच्या कपाळावर पाण्याचे टपोरे थेंब! थेंब नाकावरून ओघळले, हनुवटीवरून ठिबकले. बायकांनी "आई, आई" करून हंबरडा फोडला. आश्रुबा पाटलांच्या अंगात आलं. महाराजांचा शिष्य कापसाच्या बोळ्यानं तो घाम टिपून लोकांच्या जिभेवर टेकवू लागला, आणि रांग लागली.

महाराजांचं नाव जलेश्वर. कुठले, कुणाला ठाऊक नाही. संक्रांतीनंतर आले ते मुखवटा, कोठी आणि शिष्य सोबत घेऊनच. गावची खरी टेकाई टेकडीवर उघड्यावर बसलेली, शेंदूर लावलेला गोल दगड. त्या बिचारीला आजवर कधी घाम आला नव्हता.

"भक्तहो!" महाराज गरजले. "हा घाम नाही, ही वेदना आहे! पृथ्वीच्या नाभीतली जलशक्ती माता वर ओढते आहे, पण तुम्ही तिच्या अंगावर जखमा केल्या! परदेशी शास्त्रज्ञांनी यंत्र लावून बघितलं. यंत्र फुटलं!"

"कोणतं यंत्र, महाराज?" मागून आवाज आला. जिल्हा परिषद शाळेच्या विमलबाईंचा. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता, आणि खोचक बोलण्याची खोडही होती.

"सूक्ष्म यंत्र. डोळ्यांना दिसत नाही."

"मग फुटलेलं कसं दिसलं?"

लोकांनी "गप बसा, बाई" म्हणून त्यांनाच दटावलं. महाराजांनी हात वर केला आणि जखमा कोणत्या ते सांगितलं. टेकडीवरचे चर. ते शुक्रवारी दुपारपर्यंत बुजवा, टेकडी सपाट करा, नाहीतर यंदाही पाऊस नाही.

हे ऐकून विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेकडी गायरानाची. हिवाळाभर गावानं तिच्यावर आडवे समतल चर खणले होते. आखणी चौथीच्या पोरांनी केली होती, पाण्यानं भरलेली नळी धरून, पातळी बघून. पडेल तो पाऊस उतारावरून पळू नये, तिथंच मुरावा आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा, एवढी साधी गोष्ट. आता मृग दीड महिन्यावर आलेला असताना चर बुजवायचे म्हणजे सगळ्या गावाचा घाम मातीत घालायचा.

दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव उठून उभे राहिले. "जेसीबी माझा, डिझेल बी माझंच. सेवा म्हणून."

सुंदररावांचा खडीचा क्रशर होता आणि या टेकडीच्या दगडावर त्यांचा डोळा होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. चर आणि झाडं आली म्हणून तर ग्रामसभेनं त्यांना टेकडी नाकारली होती. पण त्या वेळी मंडपातल्या माणसांना फक्त सेवा दिसत होती.

सगळ्यांत पुढं छबुबाई पालथी पडून रडत होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी ही बाई, हिवाळ्यात सगळ्यांच्या आधी कुदळ घेऊन टेकडीवर असायची. "माज्या हातानं टोचलं गं तुला, आई," म्हणून ती कपाळ बडवून घेत होती. विमलबाईंना ते बघवेना. त्या तरातरा बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला पुस्तक उघडायच्या आधीच भारत उठला. "बाई, आपल्या चरामुळं देवीला घाम आला का?"

पोरांचे चेहरे पडलेले. चर त्यांनीच आखले होते ना!

"तुझ्या जिभेला बोळा लावला का रे काल?"

"हो."

"स्वतःचा घाम कधी तोंडात गेलाय?"

"लई वेळा. खारट लागतोय." भारतनं ओठांवरून जीभ फिरवली. "तो खारट न्हवता, बाई. नुसतं पाणी."

"मग ते पाणी कुठून आलं असेल?"

खिडकीजवळची मुनिरा हळूच म्हणाली, "बाई, आमच्या अब्बाच्या सरबताच्या हंड्याला बी असंच पाणी सुटतं. बाहीरून. अब्बा सारखं फडक्यानं पुसतो."

मुनिराचे वडील इसाक केजच्या बसस्टँडवर सरबत विकायचे. विमलबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. एवढी सोपी गोष्ट, दरवर्षी आपण शिकवतो, आणि काल मंडपात आपल्या डोक्यात कशी आली नाही!

"पळ, अब्बा केजला निघायच्या आत घरून मूठभर बर्फ घेऊन ये."

पितळेचा लोटा पोरांनी आतून-बाहेरून पुसून कोरडा केला. बर्फ टाकला, थोडं पाणी ओतलं. सगळी टेबलाभोवती डोकी घालून बसली. लोट्यावर आधी धुरकट साय आली, मग बारीक टिपके, मग थेंब. एक थेंब ओघळला तशी पोरं ओरडली, "लोट्याला घाम फुटला! लोट्याला घाम!"

"लोटा गळका आसंल," भारत म्हणाला. "आतलं पाणी झिरपतंय."

"शाब्बास! असंच अडवायचं. मग कसं ओळखशील, आतलं की बाहेरचं?"

भारतनं डोकं खाजवलं आणि एकदम स्वयंपाकाच्या खोलीकडं धूम ठोकली. परत आला तो हळदीचा डबा घेऊन, आणि मागून छबुबाई, "आरं, माजी हळद कुठं पळवतोस मेल्या!" करत. हळद लोट्यात पडली. आतलं पाणी पिवळंधमक झालं. लोटा पुसला, पुन्हा थेंब धरले. भारतनं एक थेंब बोटावर घेऊन पांढऱ्या कागदाला लावला. डाग पिवळा पडला नाही.

"म्हणजे पाणी बाहेरचं," तो म्हणाला. "पर बाहीर पाणी कुठं हाय?"

"हवेत. आपल्या श्वासात, झाडांच्या पानांतून निघतं त्या वाफेत. गार भांड्याला हवा टेकली की त्या वाफेचं पाणी होतं. बंद मंडपात एवढी माणसं श्वास सोडत बसली की आणखीच."

"हवेत पाणी हाय तर पाऊस का पडंना?" मुनिरानं विचारलं.

विमलबाईंनी पृथ्वीचा गोल पुढं ओढला. गोलाचा कणा वाकलेला होता, बोटानं फिरवावा लागे. "एवढ्याशा वाफेनं भागत नाही. आपले ढग समुद्रावरून येतात. आणि हा बघा पॅसिफिक महासागर. काही वर्षी याचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं, वाऱ्यांची घडी बिघडते, आणि आपल्याकडं पाऊस कमी पडायचा धोका वाढतो. तिकडं दुसऱ्या देशात त्याच वर्षी पूर येतात. तिथल्या पोरांच्या घरात पाणी शिरतं, तुमच्या घागरी कोरड्या राहतात. आभाळ सगळ्यांचं एकच आहे. समुद्र काही आपल्या हातात नाही, पण पडलेलं पाणी धरून ठेवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी चर."

छबुबाई दारातच उभी होती. लोट्यावरून तिची नजर हलत नव्हती.

विमलबाईंनी तिला उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "छबुबाई, तुमच्याकडं महालक्ष्म्या बसतात ना? कोठीत काय भरता?"

"गहू, जवारी. घरात आसंल ते. रिकामी कोठी कोन बसवतंय व्हय?"

"महाराजांनी काय भरलंय?"

छबुबाईच्या चेहऱ्यावरचं रडं गेलं आणि दुसरंच काहीतरी आलं. "ते काय आमाला ठावं न्हाई," ती म्हणाली. "इचारते की शुक्रवारी."

शुक्रवारी मंडप कालच्यापेक्षा, परवापेक्षा, सगळ्या दिवसांपेक्षा जास्त भरला. बाहेर जेसीबी उभा, चालकाच्या जागेवर बंकट. चौथीची पोरं बाईंसोबत पुढंच बसलेली. देवीला घाम सुटला. महाराजांनी बोलायला तोंड उघडलं आणि छबुबाई पुढं झाली. तिच्या मागं वच्छलाबाई, बायनाबाई आणि निम्म्या गावाच्या बायका. प्रत्येकीच्या पदरात मूठ मूठ जवारी.

"महाराज, कोठी भरायची हाय."

"काय?"

"आमच्यात रिकाम्या कोठीवर देवी बसवत न्हाईत. मुखवटा काढा, धान्य भरतो, परत बसवतो."

महाराजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेरचा माणूस, त्यानं कोठी बाजारातून उचलून आणली होती. मराठवाड्यातल्या बायका कोठीचं पोट भरल्याशिवाय सोडत नाहीत हे त्याला कोण सांगणार!

"माता निराहार आहे! अनुष्ठान चालू आहे!"

"निराहार ऱ्हाऊंद्या. तिला खायाला कोन म्हनतंय? नुसतं भरायचं हाय."

"हात लावाल तर जागच्या जागी भस्म व्हाल!"

"झाले तर झाले," छबुबाई म्हणाली. "टँकरच्या रांगेत रोज भाजतेच हाय. आन् माज्या देवीला हात लावायला मला कोन आडवतंय, तेच बघते."

शिष्य आडवा आला. वच्छलाबाईनं त्याला कोपरानं असा बाजूला सारला की तो हारांच्या टोपलीत बसला. छबुबाईनं मुखवट्याला दोन्ही हात लावले आणि झटकन मागं घेतले.

"आगं बया! गार! बर्फावानी गार!"

मग तिनं मुखवटा उचललाच. कोठीत गळ्यापर्यंत बर्फ ठासलेला. पोकळ मुखवट्यातही बर्फ, वरून गोणपाट. मागचा पडदा कुणीतरी ओढला; तिथं दुधाचा कॅन, उरलेल्या बर्फानं अर्धा भरलेला, आणि कॅनवर सुंदररावांच्या दूध संस्थेचं नाव.

पण महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "चमत्कार!" ते ओरडले. "भर उन्हाळ्यात मातेनं पाण्याचा बर्फ केला!"

"आन् गोणपाट बी मातेनंच घातलं का?" मुनिरानं विचारलं.

आधी पोरं हसली, मग बायका, मग सगळा मंडप. त्या हसण्यानं महाराजांचं जे झालं ते भस्म होण्यापेक्षा वाईट होतं. शिष्य मागच्या मागं पसार झाला. महाराजांना आश्रुबा पाटलांनी धरून ठेवलं, पोलिस येईपर्यंत. अंगात आल्याची शरम त्यांना कुठंतरी काढायचीच होती. बाहेर बंकटनं जेसीबीची किल्ली काढून खिशात टाकली.

छबुबाई मात्र हसली नाही. ओला मुखवटा तिनं पोटाशी धरला होता. "मी रडले हो," ती म्हणाली. "या थंड पान्यापायी मी तीन दिवस रडले. अन्न गोड लागलं न्हाई मला."

विमलबाई तिच्याजवळ गेल्या आणि तिथूनच लोकांकडं वळल्या. "ऐका. देवीला हात जोडा, मी अडवणार नाही. पण हात लावू नका, विचारू नका, बघू नका, असं कुणी म्हणालं की समजा, झाकलेलं काहीतरी आहे. देवाला प्रश्नाचं भय कशाला असेल? भय असतं ते माणसाला. चौथीच्या पोरांनी मूठभर बर्फावर जे तपासलं, ते आपण शहाणी माणसं तपासत नाही, आणि आपल्याच हातानं आपलं पाणी बुजवायला निघतो. विचारा. मला विचारा, डॉक्टरला विचारा, पुढाऱ्याला तर रोज विचारा. पटलं तरच मान डोलवा."

"चर तसंच ऱ्हातील!" कुणीतरी ओरडलं, आणि बाकीच्यांनी ओ दिली.

सुंदरराव गर्दीतून वाट काढत बाईंच्या कानाशी आले. "लई शानपना झाला, बाई. जूनमध्ये बदली. पार तलवाड्याच्या पलीकडं फेकतो."

विमलबाईंनी आवाज जराही खाली केला नाही. "करा की, चेअरमन! फक्त अर्जात कारण खरं लिहा. लिहा, बाईनं पोरांना विचारायला शिकवलं. आणि तो अर्ज इथंच, सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचून दाखवा."

सुंदररावांनी इकडंतिकडं पाहिलं. छबुबाई मुखवटा खाली ठेवून त्यांच्याकडं बघत होती, पदरातली जवारी अजून तशीच. तिच्या मागं सगळ्या बायका. तिच्या पुढं चौथीचा वर्ग.

"वाचा की मग," भारत म्हणाला.